विश्लेषण : प्रो लीगमधून बाहेर, मग पुढे काय? महिला हॉकीतील ‘नेशन्स कप’ भारतासाठी एवढा निर्णायक का?

बर्लिनमध्ये २९ जून २०२५ रोजी चीनने भारतीय महिला हॉकी संघाला ३-२ असे हरवले आणि प्रो लीगच्या गुणतालिकेतील भारताच्या नवव्या, म्हणजेच शेवटच्या स्थानावर शिक्कामोर्तब झाले. १६ सामने, १० गुण. शेवटच्या क्रमांकाचा संघ लीगमधून बाहेर पडतो, असा नियम आहे. त्यामुळे २०२५-२६च्या हंगामात नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम यांच्या यादीत भारताचे नाव नाही. आता भारताला परतीचा रस्ता शोधायचा आहे तो ‘एफआयएच नेशन्स कप’ या स्पर्धेतून. क्रिकेटच्या गर्दीत या स्पर्धेचे नाव अनेकांनी ऐकलेलेही नसेल. ऐकले असेल, तर ‘खालच्या दर्जाची स्पर्धा’ एवढीच तिची ओळख असण्याची शक्यता जास्त. पण भारतीय महिला हॉकीच्या गेल्या सहा-सात वर्षांतील मोठे टप्पे पाहिले, तर त्यातले दोन याच ‘खालच्या’ पायरीवरून सुरू झालेले दिसतात.

नेशन्स कप नेमका आहे काय?

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने (एफआयएच) २०१९मध्ये प्रो लीग सुरू केली. जगातील निवडक नऊ संघ, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन सामने, म्हणजे हंगामात प्रत्येक संघाला १६ सामने. विजयाला तीन गुण. सामना बरोबरीत सुटला तर शूटआउट होते, त्यात जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला एक गुण. ही झाली वरची इमारत. पण नऊ संघांचे दार कायमचे बंद ठेवले, तर दहाव्या, अकराव्या क्रमांकाच्या संघाने खेळायचे कशासाठी? त्यासाठी २०२२मध्ये नेशन्स कप आणला गेला. प्रो लीगबाहेरचे आठ संघ, दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत. सगळे काही साधारण आठवडाभरात, एकाच शहरात. विजेत्याला पुढच्या प्रो लीगचे दार उघडते आणि प्रो लीगमधला शेवटचा संघ खाली येतो. पुढे या स्पर्धेच्याही खाली ‘नेशन्स कप २’ सुरू झाला, त्यामुळे आता शिडीला तीन पायऱ्या आहेत.

फुटबॉल पाहणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून तळाचे संघ खाली जातात, खालचे वर येतात. फरक एवढाच, की तिथे वर येण्यासाठी अख्खा हंगाम मिळतो. इथे मिळतात पाच सामने. प्रो लीगमध्ये एक वाईट दिवस १६ सामन्यांच्या हिशेबात बुडून जाऊ शकतो. नेशन्स कपमध्ये तोच दिवस उपांत्य फेरीच्या तारखेला आला, की वर्ष गेले. दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाला पदक मिळते, पण बढतीचा हक्क फक्त पहिल्याचा. स्पर्धेला ‘दुय्यम’ म्हणताना ही गोष्ट विसरली जाते. संघांचा दर्जा थोडा खालचा असेल, पण चुकीला माफी नसण्याच्या बाबतीत ही स्पर्धा प्रो लीगपेक्षा कितीतरी कठोर आहे.

टोकियोत चौथा आलेला संघ दुसऱ्या श्रेणीत कसा गेला?

भारतीय महिला संघ २०२२मध्ये पहिल्यांदा नेशन्स कप खेळला, तेव्हा हा प्रश्न अनेकांना पडला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२१मध्ये, टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला उपांत्यपूर्व फेरीत १-० असे हरवले होते. कांस्यपदकाच्या लढतीत ग्रेट ब्रिटनकडून ३-४ अशी हार झाली, तरी चौथे स्थान मिळवून भारतीय महिलांनी ऑलिम्पिकमधील आपल्या सर्वोत्तम कामगिरीची बरोबरी केली. त्यानंतर २०२१-२२च्या प्रो लीगमध्ये हा संघ पहिल्यांदाच खेळला आणि थेट तिसरा आला. ऑगस्ट २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत न्यूझीलंडला शूटआउटमध्ये हरवून कांस्यपदकही मिळाले.

तरी डिसेंबरमध्ये हा संघ स्पेनमध्ये दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा खेळत होता. कारण साधे आणि थोडे विचित्र आहे. २०२१-२२च्या प्रो लीगमधले भारताचे स्थान कायमचे नव्हतेच. कोविडच्या काळातील प्रवासाच्या निर्बंधांमुळे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी त्या हंगामातून माघार घेतली आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर भारत आणि स्पेन यांना बोलावण्यात आले. पुढच्या हंगामात मूळ मालक परत आले. पाहुण्याने तिसरा क्रमांक मिळवला काय किंवा नववा काय, खुर्ची सोडावीच लागणार होती. गुणवत्तेवर मिळालेले स्थान आणि सोयीने मिळालेले स्थान यांतला हा फरक तेव्हा फारसा कोणी समजावून सांगितला नाही. त्यामुळे ‘तिसरे येऊनही बाहेर?’ अशी हळहळ समाजमाध्यमांवर बरेच दिवस चालली.

व्हॅलेन्सियातील पाच सामने

पहिला महिला नेशन्स कप ११ ते १७ डिसेंबर २०२२ या काळात स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे झाला. भारताची कर्णधार होती गोलरक्षक सविता पुनिया आणि प्रशिक्षक होत्या नेदरलँड्सच्या माजी खेळाडू यानेके शॉपमन. भारताच्या गटात चिली, जपान आणि दक्षिण आफ्रिका होते. पहिल्या दिवशी चिलीला ३-१, दुसऱ्या दिवशी जपानला २-१ असे हरवले. एका दिवसाची विश्रांती, मग दक्षिण आफ्रिकेला २-०. कागदावर हे निकाल सोपे वाटतात. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय हॉकीचा सामना म्हणजे १५ मिनिटांची चार सत्रे आणि त्यात सतत धावपळ. लागोपाठ दोन दिवस दोन सामने खेळायचे, तर १८ जणींच्या संघात कोणाला किती मिनिटे मैदानावर ठेवायचे, हे गणितच अर्धी लढाई असते.

खरी परीक्षा १६ डिसेंबरला झाली. उपांत्य फेरीत आयर्लंडविरुद्ध निर्धारित वेळेत १-१ अशी बरोबरी राहिली आणि सामना शूटआउटमध्ये गेला.

शूटआउट म्हणजे फुटबॉलसारखी ठरावीक जागेवरून मारायची पेनल्टी नव्हे. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि त्याच्याकडे फक्त आठ सेकंद असतात. समोर एकटा गोलरक्षक, जो जागेवर उभा न राहता पुढे धावून येऊ शकतो. चेंडू डावीकडे न्यायचा, उजवीकडे वळायचे, गोलरक्षकाला पाडायचे की थेट मारायचे, हे सगळे त्या आठ सेकंदांत. दोन्ही बाजूंनी पाच-पाच प्रयत्न. त्यामुळे हॉकीतील शूटआउट हा बराचसा गोलरक्षकाचा खेळ असतो आणि भारताकडे सविता होती. हरयाणातील सिरसा जिल्ह्यातील ही गोलरक्षक तेव्हा जगातील सर्वोत्तमांमध्ये गणली जात होती. भारताने शूटआउट २-१ असे जिंकले. दहा प्रयत्नांच्या शूटआउटमध्ये आयर्लंडच्या नावावर एकच गोल, हा आकडा गोलरक्षणाबद्दल पुरेसे सांगतो.

अंतिम सामन्यात समोर यजमान स्पेन. प्रो लीगमध्ये बदली म्हणून आलेले दोन पाहुणे आता कायमच्या जागेसाठी एकमेकांसमोर उभे होते आणि जागा एकच होती. सहाव्या मिनिटाला भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गुरजित कौरने त्यावर गोल केला. त्यानंतर ५४ मिनिटे भारताने ती एका गोलाची आघाडी सांभाळली. स्पेनच्या मैदानावर, स्पेनच्या प्रेक्षकांसमोर. अंतिम निकाल १-०. पाच सामन्यांत भारताने नऊ गोल केले आणि फक्त तीन स्वीकारले. हॉकी इंडियाने प्रत्येक खेळाडूला दोन लाख आणि साहाय्यक चमूतील प्रत्येकाला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. क्रिकेटच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर वाटेल, पण त्या संघासाठी खरे बक्षीस वेगळे होते : २०२३-२४च्या प्रो लीगमधील जागा. या वेळी कोणाच्या बदली नव्हे, स्वतःच्या हक्काची.

हिरोशिमा ते टोकियो : खालच्या पायरीचा जुना अनुभव

नेशन्स कप नवा असला, तरी अशा दुसऱ्या फळीच्या स्पर्धा भारतीय महिलांना नव्या नाहीत. जून २०१९मध्ये जपानमधील हिरोशिमा येथे ‘एफआयएच सीरिज फायनल्स’ झाली. प्रो लीगमध्ये नसलेल्या संघांना ऑलिम्पिक पात्रतेच्या अंतिम टप्प्यात नेणारी ती स्पर्धा होती. भारताने उरुग्वेला ४-१, पोलंडला ५-० आणि फिजीला ११-० असे हरवले. फिजीविरुद्धचा निकाल पाहून ‘असल्या स्पर्धेत जिंकून काय मोठे’ असे म्हणणारे भेटतातच. पण पुढे उपांत्य फेरी होती आणि त्याआधी एक कठीण रात्र.

मिझोराममधील कोलासिब या गावची आघाडीची खेळाडू लालरेमसियामी तेव्हा १९ वर्षांची होती. चिलीविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या तोंडावर तिच्या वडिलांचे निधन झाल्याची बातमी आली. घरी परतण्याचा पर्याय तिला देण्यात आला होता. ती थांबली. भारताने चिलीला ४-२ असे हरवले, त्यानंतर अंतिम फेरीत यजमान जपानला ३-१. विजयानंतर कर्णधार राणी रामपालने हे यश लालरेमसियामीच्या वडिलांना अर्पण केले. ती घरी पोहोचली ती स्पर्धा संपल्यानंतरच.

हिरोशिमातील त्या कामगिरीमुळे भारताला नोव्हेंबर २०१९मध्ये भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर अमेरिकेविरुद्ध दोन सामन्यांची पात्रता लढत मिळाली. पहिल्या दिवशी ५-१. दुसऱ्या दिवशी मध्यंतरालाच अमेरिका ४-० अशी पुढे, म्हणजे एकूण ५-५ बरोबरी. शेवटच्या सत्रात राणीने गोल केला आणि भारत एकूण ६-५ अशा फरकाने टोकियोला गेला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. म्हणजे ज्या टोकियोच्या चौथ्या क्रमांकाचे आजही कौतुक होते, त्याचा पहिला धागा हिरोशिमातल्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत आहे.

मग वर गेलेला संघ पुन्हा खाली का आला?

व्हॅलेन्सियाने दार उघडले, पण आत टिकणे वेगळे. २०२३-२४च्या प्रो लीगमध्ये भारत नऊपैकी आठवा आला. अमेरिका नववी आल्यामुळे भारत वाचला. त्याच हंगामात, जानेवारी २०२४मध्ये, रांचीतील ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत भारत उपांत्य फेरीत जर्मनीकडून शूटआउटमध्ये आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत जपानकडून ०-१ असा हरला. पॅरिसचे तिकीट हुकले, शॉपमन यांनी पद सोडले आणि त्यांच्या जागी हरेंद्र सिंह आले. सविताकडून कर्णधारपद झारखंडमधील सिमडेगाच्या सलीमा टेटेकडे गेले. नोव्हेंबर २०२४मध्ये बिहारमधील राजगीर येथे चीनला १-० असे हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, तेव्हा घडी बसते आहे असे वाटले होते.

२०२४-२५चा प्रो लीग हंगाम दोन तुकड्यांत पाहावा लागतो. फेब्रुवारीत भुवनेश्वरमध्ये घरच्या मैदानावर आठ सामने झाले. तिथे भारताने इंग्लंडला ३-२ आणि जर्मनीला १-० असे हरवले. ऑलिम्पिक विजेत्या नेदरलँड्सला तर २-२ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये मात दिली. जगातल्या सगळ्यात बलाढ्य संघाला हरवणारा संघ चार महिन्यांनी तळाला जाईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर हसू आले असते.

जूनमध्ये संघ युरोपला गेला. लंडनमध्ये ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना, अँटवर्पमध्ये बेल्जियम, बर्लिनमध्ये चीन. दोन आठवड्यांत आठ सामने आणि आठही पराभव. मात्र हे आठ पराभव एका जातीचे नाहीत. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे दोन्ही सामने प्रत्येकी एका गोलाने गेले, अर्जेंटिनाविरुद्धचा एक शूटआउटमध्ये आणि चीनविरुद्धचा शेवटचा पुन्हा एका गोलाने. म्हणजे आठपैकी चार सामने अगदी थोडक्यात निसटले. उरलेल्या चारांत मात्र भारत सरळसरळ कमी पडला. हंगामाचे १० गुण मोजले, तर त्यातले नऊ भुवनेश्वरचे आणि युरोपचा एकच, तोही शूटआउट हरल्याचा. घरी नऊ, बाहेर एक. घसरणीचे याहून नेमके वर्णन शब्दांत करता येणार नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. अनेकदा अशा निकालानंतर चर्चा थेट ‘मानसिकते’वर जाते. पण थोडक्यात गेलेल्या सामन्यांचा हॉकीतला इलाज बहुतेक वेळा तांत्रिक असतो : मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरपैकी किती गोलात बदलले, शेवटच्या सत्रात चेंडू आपल्याकडे किती राहिला, पंचांकडून कार्ड मिळून संघ किती मिनिटे दहा जणींनी खेळला. व्हॅलेन्सियाचा अंतिम सामना एका पेनल्टी कॉर्नरवर जिंकला गेला होता. गुरजितच्या बहराच्या काळात भारताला सामन्यात दोन-तीन कॉर्नर पुरत. तसा हमखास ड्रॅग-फ्लिक मारणारा हात सापडेपर्यंत एका गोलाचे सामने उलट्या बाजूला झुकत राहणार.

जिंकूनही वर न जाणारा न्यूझीलंड

नेशन्स कपची एक बाजू भारतात फारशी चर्चेत येत नाही. बढती म्हणजे मान, तसाच खर्चही. २०२३-२४चा महिला नेशन्स कप स्पेनमधील तेरासा येथे झाला. तो जिंकून स्पेनने प्रो लीग गाठली, म्हणजे व्हॅलेन्सियाची हार त्यांनी दीड वर्षात भरून काढली. पुढचा कप फेब्रुवारी-मार्च २०२५मध्ये चिलीची राजधानी सँटियागो येथे झाला. तो जिंकला न्यूझीलंडने. आणि प्रो लीगमध्ये गेले कोण? आयर्लंड.

न्यूझीलंडने आपली जागा नाकारली. त्यांच्या पुरुष संघानेही २०२४मध्ये हेच केले होते आणि २०२५मध्ये पुन्हा जिंकून पुन्हा नाकारले, त्यामुळे पाकिस्तानच्या पुरुष संघाला संधी मिळाली. कारण नकाशावर दिसते. प्रो लीगचे बहुतेक संघ युरोपातले, एक अर्जेंटिनाचा. जगाच्या दक्षिण टोकावरून संपूर्ण संघ, प्रशिक्षक, फिजिओ यांना घेऊन हंगामभर उड्डाणे करायची आणि घरचे सामनेही भरवायचे, हा भार तिथल्या हॉकी संघटनेला पेलणारा नाही. खेळाडूंनी मैदानावर कमावलेली जागा हिशेबाच्या वहीत हरते, हे या रचनेचे सर्वांत लंगडे अंग आहे. एफआयएचने त्यावर अजून ठोस तोड काढलेली नाही.

भारताची या बाबतीत स्थिती वेगळी आहे. ओडिशा सरकार २०१८पासून दोन्ही राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे आणि हा करार २०३६पर्यंत वाढवण्यात आला आहे. भुवनेश्वर आणि राउरकेला येथे जागतिक दर्जाची मैदाने आहेत. म्हणजे भारताने नेशन्स कप जिंकला, तर वर जाण्याचे पैसे नाहीत म्हणून थांबावे लागणार नाही. जिंकणे तेवढे बाकी आहे.

क्रमवारीचे गणित काय सांगते?

प्रो लीगमधून बाहेर पडल्याचा एक परिणाम लगेच दिसत नाही, तो जागतिक क्रमवारीत हळूहळू झिरपतो. २०२०पासून एफआयएचची क्रमवारी प्रत्येक सामन्यागणिक बदलते. पद्धत बुद्धिबळातील इलो गुणांसारखी आहे. दोन संघ खेळले की एकाच्या खात्यातून गुण वजा होतात आणि तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात जमा. बलाढ्य संघाला हरवले तर जास्त गुण, दुबळ्याला हरवले तर थोडे, दुबळ्याकडून हरले तर मोठा फटका. शिवाय स्पर्धा जितकी मोठी, तितके पणाला लागलेले गुण जास्त.

आता हे भारतावर लावून पाहा. प्रो लीगमध्ये नेदरलँड्सकडून हरले तरी फारसे नुकसान होत नाही आणि एखादवेळी जिंकले तर घबाड मिळते. नेशन्स कपमध्ये भारत बहुतेक सामन्यांत वरचढ मानला जाणार. म्हणजे जिंकल्यावर मिळकत कमी आणि हरल्यावर दंड मोठा. सोळा सामन्यांची उलाढाल पाचांवर येते ती वेगळीच. वरच्या संघांना गाठायचे असेल, तर त्यांच्याशी खेळावे लागते आणि त्यांच्याशी खेळायचे दार प्रो लीगमध्ये आहे. हे चक्र तोडण्याची जागा म्हणजे नेशन्स कपचा अंतिम सामना.

सप्टेंबर २०२५मध्ये चीनमधील हांगझो येथे झालेल्या आशिया चषकात याची झलक दिसली. भारत अंतिम फेरीत पोहोचला, नवनीत कौरने पहिल्याच मिनिटाला गोलही केला. मग चीनने ४-१ असा सामना जिंकला आणि २०२६च्या विश्वचषकाचे थेट तिकीट नेले. प्रो लीगमध्ये वर्षभर युरोपच्या संघांशी झुंजणारा चीन आणि त्या लीगबाहेर गेलेला भारत यांतील अंतर वाढत गेले, तर पुढच्या आशियाई स्पर्धाही अवघड होतील.

साताऱ्याच्या मुलींचे यात काय?

महाराष्ट्राचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. मिडफिल्डर वैष्णवी फाळके ही सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या आसू गावची. हांगझोतील आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३मध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. त्याच जिल्ह्यातील आघाडीची खेळाडू ऋतुजा पिसाळ हिचा प्रवास तर या संपूर्ण रचनेचे चालते-बोलते उदाहरण आहे.

जानेवारी २०२५मध्ये महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा झाली, चार संघांची, रांचीमध्ये. २६ जानेवारीच्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबला २-१ असे हरवले आणि ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे होते. काही आठवड्यांत ती भारताच्या प्रो लीग चमूत होती. बर्लिनमध्ये चीनविरुद्धच्या त्या शेवटच्या, २-३ अशा पराभवात भारताच्या दोन गोलांपैकी एक तिचा होता. सप्टेंबरमध्ये आशिया चषकाच्या संघातही ती आणि वैष्णवी दोघी होत्या.

देशांतर्गत लीगमध्ये चमकायचे, लगेच प्रो लीगमध्ये जर्मनी-नेदरलँड्सच्या बचावफळीसमोर उभे राहायचे, तिथे चुका करत शिकायचे आणि मग मोठ्या स्पर्धेत उतरायचे, अशी ही शिडी होती. प्रो लीगचे सामने दोन-दोनच्या जोड्यांत होतात. आज ज्या बचावपटूने चेंडू हिसकावला, तीच उद्या पुन्हा समोर असते. शिकण्यासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. हॉकी इंडिया लीगच्या पुढच्या हंगामात जी नवी मुलगी चमकेल, तिच्यासाठी या शिडीची मधली पायरीच सध्या नाही. मित्रत्वाच्या मालिका आणि परदेश दौरे आखता येतात, पण त्यांत गुणतालिका नसते आणि त्यामुळे प्रशिक्षकही नवख्या खेळाडूला अवघड मिनिटांत उतरवून पाहतो तो केवळ प्रयोग म्हणून.

नेशन्स कपमध्ये तर प्रयोगाला जागाच नाही. पाच सामन्यांत एकही निसटला तर बढती जाण्याची भीती असते, त्यामुळे प्रशिक्षक ओळखीच्या, कसलेल्या खेळाडूंवरच भिस्त ठेवणार. व्हॅलेन्सियातही सविता, गुरजित, वंदना कटारिया, सुशीला चानू अशा टोकियो गाजवलेल्या नावांनीच संघाचा कणा बनला होता. त्यातील बहुतेक जणी आता निवृत्त झाल्या आहेत किंवा संघाबाहेर आहेत. पुढच्या नेशन्स कपमध्ये उपांत्य सामना बरोबरीत सुटला, तर २३ मीटरच्या रेषेवर आठ सेकंदांसाठी उभ्या राहणाऱ्या पाच जणींपैकी निम्म्याहून अधिक जणींनी तो दबाव याआधी भुवनेश्वर किंवा युरोपमधल्या एखाद्या प्रो लीग सामन्यातच अनुभवलेला असेल. त्या पाचांमध्ये फलटणच्या बाजूची एखादी मुलगी असण्याची शक्यता चांगलीच आहे.